वान्चाकोत दहा आठवडे: लाटा, गळ आणि स्पॅनिश

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघं ह्यूस्टनहून कायमचे पुण्याला परत निघाला आहात. नोकऱ्या डिसेंबरअखेर संपतात, मुलांची पुण्यातली शाळा एप्रिलमध्ये सुरू होते. मधले बारा आठवडे पेरूत घालवायचे आहेत. मुलगी 12 वर्षांची, मुलगा 8 वर्षांचा, आणि सोबत 67 वर्षांचे सासरे. ते रेवदंड्याचे, गळ टाकून बसणं हा त्यांचा जीव की प्राण. तुम्हाला आणि मुलीला शाळेत शिकलेलं स्पॅनिश बोलून पक्कं करायचंय, तुमच्या यजमानांना आणि मुलांना सर्फिंग शिकायचंय. यादीत सहा ठिकाणं आहेत: पुंता हेर्मोसा, वान्चाको, चिकामा, लोबितोस, मान्कोरा आणि शेवटी माचू पिचू. प्रत्येकी दोन आठवडे. 'बरोबर आहे का?' असं तुम्ही विचारलंय.

माझं मत: यादी फाडा. वान्चाकोत दहा आठवडे राहा, उरलेले दोन हातात ठेवा.

हे सांगायचा अधिकार मला एवढ्यासाठीच वाटतो की हीच चूक मी केली आहे. मी मूळचा देवबागचा, पुण्यात वीस वर्षं स्पॅनिश शिकवतो आणि पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर आजवर पाच वेळा कुटुंबासह राहिलो आहे. पहिल्या खेपेला सात आठवड्यांत पाच गावं केली. परत आलो तेव्हा मुलीला उत्तम येणारी स्पॅनिश वाक्यं तीन होती: खोली आहे का, केवढ्याला, आणि बिल आणा. दर दहा दिवसांनी नवा किनारा, नवे खडक, नवा शिक्षक. लाटेवर उभं राहायला येऊ लागलं की सामान बांधायची वेळ यायची. माझे वडील तर तेव्हा चिडलेच होते. 'पाण्याची ओळख झाल्याशिवाय मासा कसा लागंल?' असं म्हणाले, आणि ते खरंच होतं.

तुमच्या तिन्ही गोष्टी एकाच जातीच्या आहेत. एकाच जागेची लाट भरतीला कशी फुटते, ओहोटीला कशी, वारा फिरला की काय होतं, हे चाळीस सकाळी बघितल्यावर कळतं. मासा कुठल्या खडकाजवळ कधी येतो हे शेजारी गळ टाकून बसलेला म्हातारा सांगतो, पण तिसऱ्या आठवड्यात सांगतो, पहिल्या दिवशी नाही. आणि भाषा तर माणसांनी नावानं हाक मारायला लागल्यावरच तोंडात बसते. पेरूच्या बाजारात एक शब्द आहे, 'कासेरा'. नेहमीच्या गिऱ्हाईक बाईला विकणारी 'कासेरा' म्हणते आणि गिऱ्हाईकही विकणारीला 'कासेरा'च म्हणतं. पुरुषाला 'कासेरो'. दोघींना एकच नाव. चार-पाच वेळा त्याच बाईकडून लिंबं घेतली की एके दिवशी ती तुम्हाला 'कासेरीता' म्हणेल आणि वजन झाल्यावर दोन लिंबं वर टाकेल. त्या वरच्या दोन लिंबांना 'यापा' म्हणतात, मूळ केचुआ भाषेतला शब्द. आपण कोळणीला 'वर दोन घाल गो' म्हणतो, तेच. दोन आठवड्यांच्या पाहुण्याला ना कासेरा मिळते, ना यापा.

आता वान्चाकोच का. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर त्रुहियो हे मोठं शहर आहे, त्याच्या वायव्येला साधारण 12 किलोमीटरवर हे मासेमारांचं गाव. त्रुहियोचा विमानतळ वान्चाकोच्याच हद्दीत येतो, त्यामुळे लीमाहून सव्वा तासाचं विमान आणि पुढे थोडीशी टॅक्सी, एवढ्यात घर. बसनं लीमाहून आठ-नऊ तास लागतात. सासऱ्यांना घेऊन येताना विमानच घ्या. मोठी इस्पितळं त्रुहियोत आहेत, हा भाग वय झालेल्या माणसासोबत जाताना फार मोलाचा. लोबितोसला लाट जास्त चांगली आहे हे मी मान्य करतो, पण ते तेलाच्या विहिरींच्या काळात वसलेलं छोटं गाव आहे. तिथे रात्री दोन वाजता कुणाच्या छातीत दुखलं तर काय, हा विचार तुम्हीच करा.

पण खरं कारण वेगळं आहे. तुम्हाला एकाच गावात लाटा आणि मासे दोन्ही हवेत, आणि वान्चाकोत त्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. इथले मासेमार 'काबायितो दे तोतोरा' नावाच्या नावेतून जातात. शब्दशः, तोतोरा गवताचा छोटा घोडा. तोतोरा म्हणजे दलदलीत वाढणारी लव्हाळ्यासारखी उंच वनस्पती. गावाच्या उत्तरेला समुद्राजवळच वाळूत खणलेल्या तळ्यांत मासेमार कुटुंबं ती स्वतः लावतात, कापतात, उन्हात वाळवतात. मग दोन जाड मोळ्या आणि दोन बारीक मोळ्या दोरानं आवळून बांधायच्या. जाड मोळ्यांना ते 'आई' म्हणतात, बारीक मोळ्यांना 'मुलगे'. पुढचं टोक वर वळवलेलं, मागे जाळं आणि मासे ठेवायला खोलगट जागा. लांबी चार-पाच मीटर. उभ्या चिरलेल्या जाड बांबूचं वल्हं. माणूस त्यावर गुडघे टेकून किंवा घोड्यावर बसल्यासारखा दोन्हीकडे पाय सोडून बसतो, लाटा फोडत बाहेर जातो, आणि परत येताना लाट पाठीशी घेऊन सरळ वाळूपर्यंत येतो. याच किनाऱ्यावर जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी राहणाऱ्या मोचे लोकांच्या मातीच्या भांड्यांवर अशा नावा दिसतात. गवत पाणी पीत जातं, नाव जड होते आणि काही आठवड्यांत नवी बांधावी लागते. म्हणून परत आल्यावर त्या किनाऱ्यावर उभ्या करून वाळत ठेवतात. संध्याकाळी त्यांची रांग बघताना माझे वडील म्हणाले होते, 'ह्यांची होडी दर महिन्याला नवी जन्मते.'

तुमच्या सासऱ्यांना हे बघायला मिळावं असं मला मनापासून वाटतं. रापण ओढलेल्या माणसाला त्यात जे दिसेल ते आपल्याला दिसणार नाही.

सर्फिंगकडे येतो. जानेवारी ते मार्च हा तिथला उन्हाळा. दक्षिणेकडून येणाऱ्या मोठ्या लाटांचा जोर साधारण मार्चनंतर वाढतो, त्यामुळे तुमचे महिने शिकणाऱ्यांसाठी योग्य आहेत. पाणी मात्र गोव्यासारखं समजू नका. हम्बोल्ट प्रवाह दक्षिणेकडून थंड पाणी आणतो. विषुववृत्त जवळ असूनही उन्हाळ्यात पाणी बहुधा 20 अंशांच्या आसपास, कधी त्याहून थंड. मुलं वीस मिनिटांत कुडकुडतात आणि मग शिकणं संपतं. म्हणून मुलांना पूर्ण बाह्यांचा वेटसूट, म्हणजे अंगाची ऊब राखणारा रबरी पोशाख, हवाच. तो आणि बोर्ड तिथेच महिन्याच्या भाड्यानं घ्या, विमानातून बोर्ड नेण्याचा खटाटोप करू नका. सोबत न्यायचे ते रबरी तळाचे पाण्यातले बूट, कारण किनाऱ्यावर गोटे भरपूर आहेत आणि खडकांच्या फटीत समुद्री साळू असतात. त्यांचे काटे टाचेत मोडले की चार दिवस वाया.

लाट बहुतेक डावीकडे पळते, म्हणजे लाटेवर बसलेल्याच्या डाव्या हाताला. उजवा पाय पुढे ठेवणाऱ्याचं तोंड लाटेकडे राहतं, डावा पाय पुढे ठेवणाऱ्याची पाठ. मुलांचा कुठला पाय आपोआप पुढे जातो ते आताच बघून ठेवा. मागून हळूच ढकला, तोल सावरायला जो पाय पुढे पडेल तो. ज्याची पाठ लाटेकडे राहणार त्याला पहिले तीन आठवडे जड जातील, हे त्याला आधी सांगा. नाहीतर बहीण-भावात विनाकारण तुलना होते.

सकाळी समुद्र गुळगुळीत असतो. दुपारी दक्षिणेचा वारा वाढतो आणि पाणी विस्कटतं. सात ते दहा पाण्यात, एवढंच सूत्र. भरती-ओहोटीत फरक आपल्या किनाऱ्यापेक्षा कमी, साधारण मीटरभराचा, त्यामुळे रेवदंड्यासारखं वेळापत्रक पाण्याच्या मुठीत नसतं.

आता सर्वात महत्त्वाचं. अंदाज बघताना फक्त लाटेची उंची बघू नका, कालावधी बघा, म्हणजे एका लाटेमागून दुसरी किती सेकंदांनी येते ते. पेरूवर येणाऱ्या लाटा दक्षिण महासागरातल्या वादळांत जन्मतात आणि हजारो किलोमीटर चालून येतात. लांब कालावधीच्या लाटेची ताकद खोलवर असते. उथळ पाण्यात आल्यावर ती एकदम उभी राहते. एक मीटर आणि 9 सेकंद हा मुलांचा खेळ आहे. एक मीटर आणि 18 सेकंद हा वेगळाच समुद्र आहे. दुसऱ्या खेपेला मी 'एक मीटर' एवढंच वाचून नऊ वर्षांच्या मुलाला कमरेएवढ्या पाण्यात नेलं. दहा-बारा मिनिटं अगदी शांत. मग ओळीनं पाच लाटा आल्या. दुसऱ्या लाटेत त्याचा हात माझ्या हातातून सुटला. मला त्याचा पिवळा बोर्ड दिसत होता आणि तो दिसत नव्हता. किनाऱ्यावर नाव वाळवत असलेल्या एका माणसानं धावत येऊन त्याला दंडाला धरून उचललं, आणि मला एकच वाक्य ऐकवलं: समुद्राकडे आधी अर्धा तास बघायचं, मग पाय घालायचा. तेव्हापासून आम्ही रोज तसंच करतो. घड्याळ लावून, वाळूत बसून, अर्धा तास. मोठ्या लाटांचा जथा किती वेळानं येतो ते मुलं मोजतात. स्पॅनिशमध्ये मोजतात.

पेरूच्या नौदलाचा जलविज्ञान विभाग खवळलेल्या समुद्राच्या सूचना काढतो. 'ओलेआहे आनोमालो' हे दोन शब्द दिसले की त्या दिवशी कुणीही उतरायचं नाही, धक्क्यावरही जायचं नाही. डिसेंबर 2024च्या अखेरीस अशाच लाटांनी तिथली बहुतेक बंदरं बंद पडली होती आणि उत्तरेकडच्या मासेमारांच्या होड्यांची मोठी हानी झाली होती. भूकंपाचा प्रदेश आहे, त्सुनामीचे मार्गदर्शक फलक रस्त्यांवर लावलेले दिसतील. पहिल्या दिवशीच सगळ्यांनी मिळून टेकडीवरच्या जुन्या चर्चपर्यंत चालत जा. संकटात जायची वाट तीच आहे आणि वरून गाव फार सुंदर दिसतं.

निघण्यापूर्वी ह्यूस्टनमध्येच एक परीक्षा घ्या. घरातल्या प्रत्येकानं तलावात न थांबता 200 मीटर पोहायचं आणि मग पाच मिनिटं पाय न टेकता तरंगायचं. आठ वर्षांच्या मुलाला हे जमत नसेल तर सर्फिंगच्या शिकवणीचे पैसे आता पोहण्याच्या शिकवणीवर घाला. हा नियम मी कुणासाठीही सैल करत नाही.

मासेमारी. सासऱ्यांसाठी गावाच्या मधोमध जुना लांब लाकडी धक्का आहे, स्पॅनिशमध्ये 'मुएये'. थोडंसं तिकीट असतं. तिथे माणसं हाताच्या दोरीनं, म्हणजे 'कोर्देल'नं मासे धरतात, दांडी फारशी लागत नाही. चार तुकड्यांची प्रवासी दांडी न्यायची तर न्या, पण त्यांचा हातचा सराव दोरीचा असेल तर तीच बरी. दोरी हातात असली की शेजारचा माणूस ओळखतो, हा आपल्यातला आहे. गऱ्या आणि शिशाची वजनं मोठ्या बॅगेत ठेवा, विमानात हातातल्या सामानात नको.

आमिषाचं काम मुलांना द्या. लाट परत जाताना ओल्या वाळूवर व्हीच्या आकाराच्या बारीक रेघा उमटतात. तिथे दोन्ही हात घालून वाळू उपसायची. अंगठ्याच्या पेराएवढा, करड्या गुळगुळीत पाठीचा एक जीव तळहातावर उलटा होऊन पुन्हा वाळूत घुसायची धडपड करतो, गुदगुल्या होतात. त्याला 'मुई-मुई' म्हणतात. 'मुई' म्हणजे 'खूप'. 'खूप-खूप' नावाचा प्राणी, हे माझ्या मुलाला इतकं आवडलं की त्याला पाठ झालेला पहिला स्पॅनिश शब्द तोच.

माशांची नावं सासऱ्यांना आपल्या माशांशी जोडून सांगा, त्यांना चटकन बसतील. 'लीसा' म्हणजे आपला बोय. 'कोर्बिना' घोळीच्या घराण्यातली, 'लोर्ना'ही त्यातलीच पण धाकटी. 'लेंग्वादो' म्हणजे लेपीसारखा चपटा, वाळूत दडणारा. 'बोनितो' कुप्प्याच्या नात्यातला. किमान मापं सरकारनं ठरवलेली आहेत: कोर्बिना 55 सेंटिमीटर, लेंग्वादो 50, लीसा 37. त्याहून लहान लागला तर सोडायचा. दोरीच्या रिळाला मोजपट्टी चिकटवून द्या. परक्या गावात आपण हे पाळतो हे दिसलं की तिथले लोक पाहुण्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

काबायितोवर बसून फेरी मारायची असेल तर किनाऱ्यावरचे मासेमारच पैसे घेऊन नेतात. जीवरक्षक जाकीट अंगात हवं, आणि सासऱ्यांनी शांत दिवसच निवडावा. हे पैसे त्या कुटुंबांच्या हातात जातात, त्यामुळे घासाघीस करू नका.

भाषेबद्दल मात्र मला थोडं जास्त बोलायचंय, कारण तो माझा धंदा आहे आणि आपली मराठी मुलं इथे एक मोठी चूक करतात. ती स्पॅनिश इंग्रजीतून शिकतात. तुमच्या मुलीनं ह्यूस्टनच्या शाळेत 'मे गुस्ता एल पेस्कादो' हे वाक्य घोकलं असेल आणि इंग्रजीत त्याची उलटापालट करून समजून घेतलं असेल. तिला सांगा, 'मला मासा आवडतो.' झालं. 'मला' तसंच, 'आवडतो' माशाप्रमाणे बदलतं तसंच. मासे अनेक झाले की मराठीत 'आवडतात', स्पॅनिशमध्ये 'गुस्तान'. 'मला थंडी वाजते', 'मला भूक लागली' या घरातून आलेल्या मुलाला स्पॅनिशची अर्धी वाक्यरचना आधीच येते. तू आणि तुम्ही हा भेद 'तू' आणि 'उस्तेद' असा जवळजवळ तसाच आहे. वस्तूंना लिंग असतं याचं आपल्याला आश्चर्य वाटत नाही. त, द, र आपल्या जिभेला सहज येतात. पगार, साबण हे शब्द पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणले, त्यांची भावंडं स्पॅनिशमध्ये भेटतील: 'पागार' म्हणजे पैसे देणं, 'हाबोन' म्हणजे साबण.

माझ्या वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. एकाहत्तराव्या वर्षी ते त्या धक्क्यावर सात आठवडे बसले. शेजारी त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ रोज यायचे. पहिले काही दिवस दोघंही गप्प. मग वडिलांची गरी सुटली तेव्हा त्या गृहस्थांनी आपल्या दोरीचा शेवट दाखवून गाठ कशी मारायची ते दाखवलं. वडिलांनी देवबागची गाठ दाखवली. त्यांनी ती सोडून पुन्हा बांधून बघितली, ओढली, मान डोलावली. साधारण चौथ्या आठवड्यात मी डबा घेऊन गेलो, तर वडिलांच्या दोरीला जोरात ओढ बसली आणि एकदम सैल पडली. वडील म्हणाले, 'से मे एस्कापो.' माझ्याकडे बघून नाही, शेजारच्याकडे बघून. हे वाक्य माझे दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी चुकवतात. 'मी मासा सोडला' असं नाही, 'मासा माझ्या हातून निसटला.' मराठीत आपण अगदी असंच म्हणतो, दोष आपला नाही आणि माशाचाही नाही. वडिलांना व्याकरण कुणी शिकवलं नव्हतं. ते वाक्य त्यांनी त्या धक्क्यावर पन्नास वेळा ऐकलं होतं आणि त्यांच्या मनात त्याची जागा आधीच तयार होती.

म्हणून सासऱ्यांना भाषेच्या योजनेतून वगळू नका. तुमच्या घरात सर्वात आधी बोलते कदाचित तेच होतील.

तुमच्यासाठी आणि मुलीसाठी आठवड्यातून चार दिवस, रोज दीड तास शिकवणी पुरे. शिक्षिका गावातलीच, समोरासमोर. उरलेला वेळ माणसांत. मुलाला शिकवणी अजिबात लावू नका. पेरूची शाळा मार्चमध्ये सुरू होते, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी त्यांची मोठी सुट्टी. त्या दोन महिन्यांत मुलांसाठी पोहणं, फुटबॉल, चित्रकला, सर्फिंग असे वर्ग चालतात, त्यांना 'बाकासिओनेस ऊतिलेस' म्हणजे 'उपयोगी सुट्टी' म्हणतात. पोहोचल्याबरोबर नगरपालिकेच्या कचेरीत किंवा क्लबात चौकशी करून दोन्ही मुलांची नावं घाला. तिथल्या मुलांबरोबर रोज तीन तास फुटबॉल खेळणारं मूल सहा आठवड्यांत भांडायला शिकतं, आणि भांडता आलं की भाषा आली.

घर घेताना परदेशी लोकांचं वसतिगृह टाळा. वर भाडेकरू आणि खाली मालकीण राहते असं घर बघा. पहिले सात दिवस छोट्या ठिकाणी उतरा आणि मग गावात चालत फिरून महिन्याच्या भाड्याचं ठरवा. समुद्रासमोरचं नको, दोन गल्ल्या आत बरं. शनिवार-रविवारी अख्खं त्रुहियो किनाऱ्यावर येतं आणि रात्री उशिरापर्यंत गाणी वाजतात.

सुरक्षिततेचं स्पष्ट सांगतो. त्रुहियोत गेल्या काही वर्षांत खंडणीखोरी आणि गोळीबार वाढलेत, 2024मध्ये सरकारला तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली. त्याचा रोख मुख्यतः स्थानिक धंदेवाल्यांवर असला तरी निघण्याच्या आठवड्यात ताजी परिस्थिती बघा, आणि ती बिघडली असेल तर बेत बदलायला लाजू नका. अंधार पडल्यावर शहरात पायी फिरायचं नाही, रस्त्यावर हात करून टॅक्सी थांबवायची नाही, घरमालकिणीच्या ओळखीचा चालक ठरवायचा. किनाऱ्यावर फोन वाळूत ठेवून पाण्यात जायचं नाही. डेंग्यूचे उद्रेकही उत्तर किनाऱ्यावर झालेत, मुलांना सकाळ-संध्याकाळ डासांचं मलम. पाणी उकळून किंवा बाटलीचं.

एल निन्योच्या वर्षी, म्हणजे तिथला समुद्र एरवीपेक्षा तापतो तेव्हा, हे सगळं गणित फिरतं. एरवी जिथे पाऊस नावालाही नसतो तिथे 2017च्या मार्चमध्ये डोंगरातून चिखलाचे लोंढे थेट त्रुहियोच्या रस्त्यांत आले. पेरू सरकारची एल निन्योवर लक्ष ठेवणारी समिती नियमित पत्रक काढते. नोव्हेंबर-डिसेंबरचं पत्रक वाचल्याशिवाय परत न मिळणारे पैसे कुठेही भरू नका.

जेवणाची काळजी नको. दुपारी छोट्या खानावळीत 'मेनू' मिळतो, सूप आणि मुख्य ताट मिळून ठरावीक दरात. भात आणि 'मेनेस्त्रा' मागितलं की मसूर किंवा घेवड्याचं दाट वरण भातावर येतं, मुलं पोटभर खातात. सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा, दुपारीच खायचं, तिथले लोकही रात्री खात नाहीत. सोमवारी त्रुहियोत 'शाम्बार' नावाचं गहू-कडधान्याचं दाट सूप असतं. त्यात डुकराचं मांस असतं, चालत नसेल तर आधी सांगा.

उरलेल्या दोन आठवड्यांचं काय? चिकामा वान्चाकोच्या उत्तरेला दीड-दोन तासांवर, पुएर्तो मालाब्रिगो गावाला. जगातल्या सर्वात लांब डाव्या लाटांपैकी एक. सहाव्या-सातव्या आठवड्यात दोन रात्री जा. मुलं फक्त शेवटच्या संथ भागात खेळतील, पण ती लाट डोळ्यांनी बघणंच पुष्कळ आहे. चान चानही चुकवू नका, ते तर त्रुहियो आणि वान्चाकोच्या मधेच आहे. चिमू राज्याची मातीची राजधानी, भिंतींवर माशांच्या आणि जाळ्यांच्या नक्ष्या. सासऱ्यांना समुद्रात लांब जायचं असेल तर शेवटच्या आठवड्यात मान्कोरा. त्याच्या जवळच्या काबो ब्लांकोला 1953मध्ये 1,560 पौंडांचा काळा मार्लिन गळाला लागला होता, हे त्यांना नक्की सांगा.

माचू पिचू या खेपेला सोडा, असं मी म्हणेन. जानेवारी-फेब्रुवारी तिथला भर पावसाळा. आणि दहा आठवडे समुद्रसपाटीला राहून 67व्या वर्षी एकदम कुस्कोच्या 3,400 मीटरवर उतरणं मला पसंत नाही. जायचंच तर डॉक्टरांना विचारून, कुस्कोत न थांबता थेट खालच्या खोऱ्यात ओयांतायताम्बोला दोन रात्री काढा, ते 2,800 मीटरच्या आसपास आहे.

कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असेल आणि तो पेरूत शिरताना किमान सहा महिने वैध असेल तर पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही, 180 दिवसांपर्यंत राहता येतं. सासऱ्यांचा दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा चालेल. तुमचं बघा: एच-वन-बीवाल्यांचा, म्हणजे अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांचा, पासपोर्टवरचा शिक्का बरेचदा संपलेला असतो आणि हातात फक्त आय-797ची मंजुरी असते. तो कागद म्हणजे व्हिसा नव्हे. तसं असेल तर आजच पेरूच्या वकिलातीत अर्ज करा. पुढे पुण्याला येताना मधल्या विमानतळाला ट्रान्झिट व्हिसा लागतो का तेही तिकीट काढण्यापूर्वी तपासा. लीमाला उतरल्यावर अधिकारी किती दिवस देतो ते काउंटर सोडण्यापूर्वी विचारायचं. ते काम मुलीला द्या: 'क्वान्तोस दीआस नोस दा?' किती दिवस देताय आम्हाला? तिचं पेरूतलं पहिलं खरंखुरं वाक्य असेल.

आणि पोहोचल्यानंतरच्या पहिल्या सकाळी शिकवणी, बोर्ड, भाड्याचं घर, काही नको. झोप नाहीतरी लवकर उडेल. उजाडताना सगळे किनाऱ्यावर जा आणि सासऱ्यांना वाळूवर सर्वात पुढे बसवा. ते गवताचे घोडे बाहेर गेलेले असतील. दोन-तीन तासांत एकेक करून लाटेवरून परत येतील. नाव वर ओढायला हात लागतो, तेव्हा सासऱ्यांना उठू द्या.